तुळशीपाशी आलेला मासा: घरामागच्या कांसेतले अनोळखी मासे कसे ओळखावेत

गेल्या श्रावणात बडोद्यात रात्रभर पाऊस पडला आणि पहाटे आमच्या मागच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या पायाशी, वीतभर लांबीचा एक काळपट मासा जिवंत सापडला. आमच्या आवाराच्या भिंतीपलीकडून कांस, म्हणजे पावसाच्या पाण्याचा ओहोळ, वाहते खरी, पण ती भिंतीपासून वीस-पंचवीस पावलांवर आहे आणि त्या रात्री तिचे पाणी काठ सोडून बाहेर आलेले नव्हते. भिंतीच्या तळाशी पावसाचे पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या भोकातून मासा आत आला असावा, म्हणजे ओल्या मातीवरून तो स्वतःच सरपटत इथवर पोहोचला होता. त्याला बादलीत ठेवले आणि तासाभरात शेजारीपाजारी जमले. एकाने छातीठोकपणे मागूर म्हटले, दुसऱ्याने शिंगी म्हटले, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हे मगरीचे पिल्लू तर नाही ना, असे काळजीने विचारले. बडोद्यात ही काळजी अनाठायी नाही. विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते, तिच्यात मगरी राहतात आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्त्यांमध्ये आल्याचे सगळ्या शहराने पाहिले आहे.

त्या दिवसापासून माझी खात्री झाली आहे की मासा ओळखणे हे केवळ जाणकारांचे काम नाही. काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने पाहायचे एवढे कळले, तर दहा मिनिटांत अनोळखी माशाचे कूळ बहुतेक वेळा सांगता येते. चुका होतात त्या ज्ञान कमी पडल्यामुळे तितक्या नव्हे, जितक्या चुकीच्या ठिकाणी पाहिल्यामुळे.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी कांस म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. पावसाचे पाणी नदीकडे नेणाऱ्या नैसर्गिक ओहोळांना इथे कांस म्हणतात. भूखी, रूपारेल, मसिया ही त्यांतली परिचित नावे आहेत. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, शहर ओलांडून पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात जाते. पावसाळ्यात नदी फुगली की मासे उलट दिशेने कांसांमध्ये चढतात. त्यांच्याबरोबर भरून वाहणाऱ्या तलावांमधले पाळीव मासे येतात, डासांच्या अळ्या खाण्यासाठी मुद्दाम सोडलेले छोटे मासे येतात, आणि घरातली काचेची पेटी लहान पडू लागल्यावर लोकांनी पाण्यात सोडून दिलेले शोभेचे मासेही येतात. त्यामुळे एकाच डबक्यात इथला, बंगालकडून बीज आणून वाढवलेला, आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला असे चार मासे शेजारी शेजारी सापडू शकतात. ‘आपल्याकडे कोणता असणार?’ या प्रश्नावरून नाव ठरवायला गेले की फसगत होते ती यामुळेच.

सर्वांत मोठी फसगत रंगामुळे होते. आपली नजर आधी रंगाकडे जाते, पण माशाचा रंग पाण्याच्या गढूळपणाप्रमाणे, वयाप्रमाणे, विणीच्या हंगामाप्रमाणे आणि भीतीनेही बदलतो, आणि मेल्यावर तर काही मिनिटांत उतरतो. याचे उत्तम उदाहरण मरळ माशाच्या पिल्लांचे आहे. पावसाळ्यात शांत पाण्याच्या कडेला कधी कधी शेंदरी-लाल पिल्लांचा एक दाट थवा दिसतो. तो एकदम वर येतो, पाण्याला बुडबुडे फुटल्यासारखे होते आणि थवा पुन्हा खाली जातो. पाहणाऱ्याला वाटते की कोणीतरी शोभेचे मासे सोडले. प्रत्यक्षात ती पट्टेरी मरळीची पिल्ले असतात आणि दोनेक हात खोलीवर त्यांचे आईबाप राखण करीत असतात. हीच पिल्ले बोटभर झाली की तो लाल रंग पार नाहीसा होतो आणि उरतो तो चिखलासारखा करडा मासा, ज्याचा त्या शेंदरी थव्याशी काही संबंध असेल असे कोणाला सांगूनही पटत नाही.

रंग बाजूला ठेवला तर पाहायचे काय? पाहायचे ते शरीराची बांधणी, आणि तीत सर्वांत बोलके असतात ते पर. बहुतेक माशांच्या पाठीवर एक किंवा दोन पर असतात, कल्ल्यांच्या झाकणामागे छातीच्या परांची जोडी असते, पोटाखाली आणखी एक जोडी असते, गुदद्वाराच्या मागे एक गुदपर असतो आणि शेवटी शेपटी. काही माशांच्या पाठीवर मुख्य परामागे मांसाचा एक छोटा मऊ उंचवटाही असतो, त्याला मेदपर म्हणतात. पराला आधार देणाऱ्या काड्या दोन प्रकारच्या असतात: टोकदार, टणक आणि न फाटलेले काटे, आणि लवचीक, टोकाला फाटे फुटलेल्या मऊ काड्या. पाठीचा पर कुठे सुरू होतो, किती लांब आहे, त्यात काटे किती आणि मऊ काड्या किती, या चार प्रश्नांची उत्तरे माशाच्या रंगापेक्षा कितीतरी भरवशाची असतात, कारण ही बांधणी त्या माशाच्या कुळानुसार ठरलेली असते आणि हवापाण्याने बदलत नाही. त्यानंतर तोंड वर वळलेले आहे की समोर की खाली, ओठांजवळ मिशा आहेत का आणि किती जोड्या, अंगावर खवले आहेत की नुसती गुळगुळीत कातडी, आणि कुशीवरून जाणारी पार्श्वरेषा अखंड आहे की तुटलेली, हे पाहावे. पार्श्वरेषा म्हणजे शोभेची रेघ नव्हे. ती बारीक छिद्रांची रांग असते आणि तिच्यातून माशाला भोवतालच्या पाण्याची सूक्ष्म हालचाल जाणवते.

आता बादलीतल्या माशाकडे वळू. त्याच्याविषयीचा पहिला पुरावा त्याच्या अंगावर नव्हता, तर तो जिथे सापडला त्या जागेत होता. कल्ले पाण्याबाहेर आले की एकमेकांना चिकटतात आणि सामान्य मासा थोड्याच वेळात गुदमरतो. ओल्या जमिनीवरून वीस पावले येऊन पहाटेपर्यंत जिवंत राहणाऱ्या माशाकडे हवेतून श्वास घेण्याची सोय असलीच पाहिजे. आपल्या गोड्या पाण्यात अशी सोय असलेली कुळे मोजकी आहेत: मरळ, मागूर, शिंगी आणि कोई (शोभेचा रंगीत कोई नव्हे) ही त्यांतली मुख्य. कांसेत सांडपाणी मिसळले की पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि मग तिथे नेमके हेच मासे तग धरतात. म्हणजे मासा हातात घेण्यापूर्वीच शेकडो शक्यता गळून मोजक्या उरल्या होत्या.

मरळीच्या अंगावर खवले असतात, डोके सापासारखे मोठ्या खवल्यांनी झाकलेले असते आणि मिशा नसतात. कोईला खरखरीत खवले आणि कल्ल्यांच्या झाकणाला करवतीसारखी दातेरी कडा असते. बादलीतल्या माशाची कातडी गुळगुळीत होती आणि तोंडाभोवती लांब मिशांच्या चार जोड्या होत्या. त्यामुळे प्रश्न मागूर की शिंगी एवढाच राहिला, आणि इथे शेजाऱ्यांचा वाद एका नजरेत मिटण्यासारखा होता. मागूरचा पाठीचा पर डोक्याच्या थोडे मागे सुरू होतो आणि थेट शेपटीपर्यंत झालरीसारखा जातो. शिंगीच्या पाठीवर मात्र पुढच्या बाजूला सहा-सात काड्यांचा एक छोटासा तुरा असतो आणि त्यामागची पाठ शेपटीपर्यंत मोकळी असते. दोघांचाही गुदपर लांब असल्याने आणि डोके चपटे असल्याने वरवर पाहता ते सारखे दिसतात. आमच्या माशाची झालर शेपटीपर्यंत होती.

हा फरक नावापुरता नाही. शिंगीच्या छातीच्या परांतला काटा विषारी असतो आणि तो हातात घुसला तर वेदना कित्येक तास राहतात. अशा वेळी जखम धुऊन हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते, पण डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. मागूर आणि शिंगटी यांच्या छातीच्या परांनाही टणक काटा असतो. म्हणून माझा आग्रह असा की मिशा असलेला कोणताही मासा उघड्या हाताने उचलू नये. जाळीने किंवा जाड ओल्या फडक्याने धरावा. शिंगटी, जिला काही ठिकाणी टेंगरा म्हणतात, तिलाही मिशांच्या चार जोड्या असतात, पण तिच्या पाठीवर काट्याचा आखूड पर आणि त्यामागे मेदपर असतो, त्यामुळे ती या दोघांपासून सहज वेगळी पडते.

काकूंच्या शंकेचेही उत्तर देणे भाग आहे. मगरीची अंडी उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडावर फुटतात, म्हणजे पिल्ले दिसण्याचा काळ खरोखरच तो असतो. पिल्लाला चार पाय आणि मिटणाऱ्या पापण्या असतात. माशाला पाय नसतात आणि आपल्यासारख्या पापण्याही नसतात. शंका बहुधा दक्षिण अमेरिकेतल्या चिलखती माशामुळे येते, ज्याला शोभेचे मासे विकणारे सकर किंवा काच साफ करणारा मासा म्हणतात. त्याच्या अंगावर हाडांच्या खरबरीत पट्ट्यांच्या रांगा असतात, तोंड खालच्या बाजूला चोषकासारखे असते आणि पाठीचा पर शिडासारखा उंच उभा राहतो. पेटीत बोटाएवढा असलेला हा मासा हातभर वाढतो, मग घरात ठेवता येत नाही म्हणून लोक तो तळ्यात सोडतात, आणि आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत त्याने बस्तान बसवले आहे. मगरीचे पिल्लू असल्याची थोडी जरी शंका असेल तर हात न लावता वनविभागाला कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत मगरीला संरक्षण आहे. आणि मासे पाहण्यासाठी कांसेत किंवा नदीत उतरू नये, ही सूचना बडोद्यात तरी ऐच्छिक मानता येत नाही. पुलावरून दुर्बिणीने पाहावे, पाणी ओसरल्यावर अंगणात अडकलेले मासे पाहावेत, किंवा जाळे टाकणाऱ्या भोई मंडळींना विनंती करून त्यांच्या टोपलीत डोकावावे.

कांसेत नेहमी सापडणारा आणि तरीही बहुतेकांना अनोळखी असणारा दुसरा मासा म्हणजे तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि मग हवे-नको तिथे पसरला. त्याची ओळख पटवण्याची एक खूण मला फार आवडते. बहुतेक माशांच्या नाकाला प्रत्येक बाजूस दोन छिद्रे असतात, पाणी एकातून आत जाते आणि दुसऱ्यातून बाहेर येते. तिलापियाला प्रत्येक बाजूस एकच छिद्र असते. त्याच्या कुळातले आपले देशी मासे दक्षिणेकडच्या किनारी भागात राहतात, त्यामुळे बडोद्याच्या कांसेत खवलेदार, चपट्या अंगाचा आणि एकाच नाकपुडीचा मासा मिळाला तर तो तिलापिया असण्याची शक्यता फार मोठी असते. खात्रीसाठी पार्श्वरेषा पाहावी: ती पुढच्या भागात वरून जाते, मध्येच थांबते आणि मागच्या भागात खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते. पाठीच्या पराचा पुढचा भाग पंधरा-सोळा टणक काट्यांचा असतो. शेपटीवर उभ्या रेघा स्पष्ट असतील तर तो नाईल नदीतल्या जातीचा समजावा. विणीच्या काळात नर काळाभोर आणि खालचा जबडा पांढरा असेल तर मोझांबिकच्या जातीचा. या दोन जातींचे संकरही होतात, त्यामुळे प्रत्येक वेळी जात सांगण्याचा हट्ट धरू नये. याची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. पकडलेल्या माशाच्या तोंडातून पिल्ले बाहेर पडली तर तो पिल्ले खात होता असा समज करून घेऊ नये.

पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरणारे बोटाच्या पेराएवढे मासे सगळेच गप्पी असतात असे आपण धरून चालतो. त्यांत गप्पी असतात, डास-नियंत्रणासाठी १९२८ च्या सुमारास भारतात आणलेले गंबुशिया असतात आणि आपले देशी मासेही असतात. तिघांचे तोंड वर वळलेले असते, कारण तिघेही पृष्ठभागावरच्या पातळ थरात जगतात, जिथे प्राणवायू खालच्या पाण्यापेक्षा जास्त असतो. गप्पी आणि गंबुशिया पिल्लांना जन्म देतात आणि त्यांच्या नराचा गुदपर सुईसारख्या बारीक दांड्यात बदललेला असतो. देशी मासा अंडी घालतो, त्याच्या नराचा गुदपर नेहमीसारखा रुंद असतो आणि डोक्यावर वरून पाहिले असता एक चमकता पांढरट ठिपका दिसतो. पुलावर उभे राहूनही हा ठिपका ओळखता येतो. डासांच्या अळ्या हे देशी मासेही खातात, ही गोष्ट नव्या तळ्यात गंबुशिया सोडण्याआधी विचारात घेतली पाहिजे असे मला वाटते.

तलावातून वाहून आलेल्या मोठ्या खवल्यांच्या माशांत फारशी अडचण येत नाही. कटल्याचे डोके मोठे आणि खालचा जबडा वर आलेला असतो, रोहूच्या ओठांना झालर असते, मृगळाचे ओठ पातळ असतात, आणि पाठीचा पर लांब असून त्याच्या सुरुवातीला दातेरी काटा व तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतील तर तो परदेशी कार्प असतो. त्यांच्या बोटभर पिल्लांत मात्र जाणकारही अडखळतात. छोट्या चंदेरी पुंटींमध्ये काळे ठिपके नेमके कुठे आहेत ते पाहावे: सोफोर जातीत एक पाठीच्या पराच्या मुळाशी आणि एक शेपटीच्या मुळाशी; टिक्टो जातीत एक कल्ल्यामागे आणि एक शेपटीच्या अलीकडे. सापासारख्या लांब माशाच्या पाठीवर सुट्या सुट्या काट्यांची रांग असेल तर ती वाम, नसेल तर अहीर.

नावांचा गुंता वेगळाच आहे. एकच मासा मराठीत, गुजरातीत आणि बाजारातल्या हिंदीत तीन नावांनी ओळखला जातो आणि उलट ‘शिंगी’, ‘शिंगटी’, ‘शिंगाडा’ ही नावे वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या माशांना लागतात. शास्त्रीय नावाचा उपयोग इथे होतो, आणि ती नावे दिसतात तितकी परकी नाहीत. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली तेव्हा लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन वळणात बसवली. रोहिता, कटला, मृगला, टेंगरा, मागूर ही सगळी तिथूनच आली. आपल्या मागूरला अनेक पुस्तके क्लॅरियस बट्रॅकस म्हणतात, पण ते नाव जावा बेटावरच्या माशाचे असल्याचे नंतर स्पष्ट झाले आणि आपला मासा पुन्हा हॅमिल्टनने दिलेल्या क्लॅरियस मागूर या नावावर आला. जुने पुस्तक आणि नवे संकेतस्थळ यांत दोन नावे दिसली तर दोघांतले एक चूक करते आहे असे लगेच मानू नये.

ज्याला नाव विचारायचे त्याच्यापर्यंत मासा नाही, तर छायाचित्र पोहोचते. म्हणून ते काळजीने काढावे. पांढऱ्या ताटात मासा बुडेल एवढेच पाणी घ्यावे, माशाचे डोके डावीकडे येईल अशी त्याची डावी बाजू वर ठेवावी, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे आणि फोन ताटाच्या अगदी सरळ वर धरावा. पर मिटलेले असतील तर ओल्या कुंचल्याने हळूच उलगडावेत. तोंडाचे खालून एक, डोक्याचे वरून एक आणि पाठीच्या पराचे जवळून एक अशी आणखी तीन छायाचित्रे काढली तर बहुतेक प्रश्न सुटतात. लांबी मोजताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत मोजावी, कारण शेपटीचे टोक अनेकदा तुटलेले असते. तारीख, जागा, पाणी वाहते होते की साचलेले, हेही लिहावे. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवनोंदींच्या संकेतस्थळांवर अशी नोंद टाकली तर जाणकार उत्तर देतात, आणि फिशबेस या माशांच्या माहितीच्या संकेतस्थळावर त्या जातीचे वर्णन पडताळून पाहता येते. फोनने आपोआप सुचवलेले नाव मात्र उत्तर समजू नये. ते प्रश्नाची सुरुवात समजावे आणि पर मोजून त्याची परीक्षा घ्यावी. बाहेरून पाहून काहीच ठरत नसेल तर प्रयोगशाळेत पेशींतल्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून जात ठरवतात, पण अंगणातल्या माशासाठी तिथवर जाण्याची वेळ क्वचितच येते.

आमच्या बादलीतल्या माशावर मात्र ती वेळ येऊ शकली असती. तो मागूर कुळातला हे पक्के झाले होते, पण त्या कुळात आपला देशी मागूर आहे तसा आफ्रिकेतला मागूरही आहे, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात. तो मीटरभराहूनही मोठा होतो, इतर मासे फस्त करतो आणि २००० साली केंद्र सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली आहे. देशी मागूर हातभर वाढतानाही मुश्किलीने दिसतो, त्यामुळे मोठा मासा असता तर निकाल सोपा होता. वीतभर पिल्लात फरक पाहायचा तो कवटीच्या मागच्या हाडाच्या टोकाच्या आकारात, आणि तो सरावलेल्या डोळ्यांचा विषय आहे. त्याच दुपारी मी डोक्याची वरून छायाचित्रे काढून प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचित बाईंकडे पाठवली आणि उत्तर येईपर्यंत मासा कांसेत सोडला नाही. परदेशी निघाला असता तर आपल्या हाताने तो नदीत गेला असता. बादलीवर लाकडी फळी आणि फळीवर पाटा ठेवला होता, कारण मागूर रात्री बादलीतून उडी मारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा निरोप आला की हाडाचे टोक गोलसर दिसते आहे, मासा देशी आहे. मग वहीत तारीख, लांबी, ‘क्लॅरियस मागूर’ आणि ‘तुळशीपाशी, ओल्या मातीवर’ एवढे लिहिले, आणि पुलाच्या कठड्यावरून दोरीने बादली खाली सोडून ती पाण्यात कलती केली.